आधी माहिती, मग पाणी

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी शिक्षकाच्या हातात माइक देऊ नये, असा एखादा शासन निर्णय निघायला हवा. पहिल्या दिवशी माणूस सावध असतो. हजेरीचा कागद कुठं फिरतोय, चहा कधी येणार, बदली रजा मिळणार की नाही, याकडे त्याचं बारीक लक्ष असतं. शेवटच्या दिवशी मात्र जेवणात गोड असतं, गटातल्या लोकांशी घरोबा झालेला असतो आणि देशातलं विज्ञान शिक्षण आता आपल्याच हातून सुधारणार, अशी एक ऊब अंगात भरलेली असते. या नाजूक अवस्थेत माइक हातात आला की चांगला संसारी माणूसही काहीच्या काही बोलून बसतो. मी बोलून बसलो.

साल होतं दोन हजार बारा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शहर आमच्याकडच्या साताऱ्याच्या डोंगराकडं, बायपासकडं, जिकडं मोकळी जागा दिसेल तिकडं पसरत होतं आणि पाणी मात्र आटत चाललं होतं. पावसाळा येऊन गेल्याचं फक्त कॅलेंडरवरून कळलं होतं. अशा वर्षी माध्यमिक शिक्षकांसाठी 'कृतीतून विज्ञान' नावाचं आठवडाभराचं प्रशिक्षण लागलं. गटांना नद्यांची नावं दिली होती. आमच्या वाट्याला खाम आली. खाम ही आमच्या शहरातली नदी. तिच्यात पाणी सोडून सगळं असतं, त्यामुळं आमच्या गटाकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती.

प्रशिक्षणात कुणी चांगलं उत्तर दिलं की त्याला 'पावसाची टाळी' द्यायची पद्धत होती. आधी सगळ्यांनी एका बोटानं तळहातावर टिपटिप करायचं, मग दोन बोटांनी, मग चार, आणि शेवटी दोन्ही हातांनी धो धो. डोळे मिटले तर हुबेहूब पाऊस. पहिल्याच दिवशी तो इतका हुबेहूब झाला की बाहेर वाळत घातलेल्या सतरंज्या गोळा करून शिपाई पळत आत आला. त्यानं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा आमच्याकडं बघितलं, आणि त्या दिवशी चहा फार उशिरा मिळाला.

तर शेवटच्या दिवशी मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आपल्या परिसरातलं विज्ञान मुलांपर्यंत न्यायचं. प्रत्येकानं एक संकल्प सांगा." लोकांनी शहाण्यासारखे संकल्प सांगितले. कुणी रोपं लावणार होतं, कुणी भित्तिपत्रक काढणार होतं. माइक माझ्याकडं आला तेव्हा माझ्या पोटात तीन वाट्या श्रीखंड होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी भाजक्या मातीच्या खापरी नळांतून या शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. मोटर नाही, वीज नाही. पाणचक्की त्याच पद्धतीच्या पाण्यावर फिरली. माझे विद्यार्थी त्या नहरीची चालती प्रतिकृती करतील. खऱ्या पाण्यावर चालणारी! आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडतील!"

मला पावसाची टाळी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदाच. ती थांबेपर्यंत मी उभाच होतो.

शाळेत परत आलो तर वेगळंच वाढून ठेवलं होतं. आमचे मुख्याध्यापक शिवशंकरआप्पा. माणूस सरळ, पण त्या वर्षी त्यांच्या डोक्यात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. शाळेला टँकर यायचा, तो मैदानातल्या प्लास्टिकच्या टाक्यांत ओतायचा आणि सकाळी येऊन बघावं तर टाक्या निम्म्या. कुंपण पडलेलं, वस्ती लागून, लोकांच्या घरात प्यायला पाणी नाही. दोष तरी कुणाला देणार! शाळेत भक्कम दार आणि धड कुलूप असलेली एकच खोली होती. ती म्हणजे माझी प्रयोगशाळा.

"अंगद सर," आप्पा म्हणाले, "टाक्या आत हलवतो म्हणतो. तुमच्या परीक्षानळ्या-बिळ्या कपाटात घाला."

"आप्पा, प्रयोगशाळा आहे ती!"

"व्हय, पण तिथं असतं काय? तो हाडांचा सापळा आन् तुम्ही. सापळा माझ्या केबिनमध्ये ठेवू. तुम्ही स्टाफरूमला बसा."

माझी इतक्या वर्षांची नोकरी. सापळा शाळेत माझ्यानंतर आला. तरी त्याला केबिन आणि मला स्टाफरूम! मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला, "मग आम्ही प्रयोग कुठं करायचे, सर?"

नववीतली सुकेशनी. तिच्या मागं तिची मैत्रीण आमरीन. या दोघी मधली सुट्टी प्रयोगशाळेतच काढायच्या. डबा बाहेर खाऊन यायच्या आणि मग लोहचुंबक, भिंग, तराजू, जे हाताला लागेल ते घेऊन बसायच्या. सुकेशनी वस्तीतल्या एका खोलीच्या घरात पाच भावंडांत राहायची. हात पसरून काही मांडून बसायला तिला जगात तेवढीच एक जागा होती.

"पुस्तकात आकृत्या असतात की, बाळा," आप्पा म्हणाले.

"आकृतीतला लिटमस लाल होत नाय, सर."

मला श्रीखंड आठवलं आणि मी नहरीचा संकल्प सांगून टाकला. आप्पांनी टेबलावरचं कुलूप हातात घेऊन बघितलं. मग म्हणाले, "बरं. तालुक्याच्या प्रदर्शनातून जिल्ह्याला निवड झाली, तर प्रयोगशाळा तुमची. नाय झाली, तर त्यानंतरच्या सोमवारी टाक्यांची. मला पोरांना पाणी पाजायचंय, सर. माझा नाइलाज आहे."

पोरींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू निवड होऊनच गेली.

आमरीनच्या वडिलांचं, गयासभाईंचं शहागंजमध्ये नळ-पाइपचं दुकान. तिथं जाऊन मी आकृती काउंटरवर पसरली. "वरती हा डोंगर, म्हणजे ड्रम. इथून नळ खाली जाईल. मध्ये हे मनोरे. पाणी मनोऱ्यात चढेल, अडकलेली हवा सोडेल, पुढं जाईल आणि शेवटी चाकावर पडेल."

गयासभाईंनी चष्मा वर केला. "सर, मेरे दुकान में आजकल पाइपां कोई नै लेता. पानीच नै तो पाइप लेके क्या करना बोलते लोगां. तुम पहले गिऱ्हाइक आए." मग त्यांनी आकृतीतल्या नळाच्या जोडावर बोट ठेवून आवाज खाली आणला. "पर ये टी नक्को लगाओ. एल्बो लगाओ."

"टीच लागेल," शेजारी उभं असलेलं एक गिऱ्हाइक म्हणालं. ते खरं तर रंगाचा ब्रश विचारायला आलं होतं. "एल्बोनं प्रेशर मरतं."

"प्रेशर कशाला पायजे? मोटर टाका अर्ध्या एचपीची," दारातला आणखी एक जण म्हणाला.

"मोटर टाकली तर मलिक अंबरचं काय राहिलं?" मी म्हणालो.

"उन्को पूछ लेव ना एकबार," मागून कुणीतरी म्हणालं.

तासाभरात दुकानात माझ्या नहरीवर दोन पक्ष पडले. टी-वाले आणि एल्बोवाले. माझ्या आकृतीवर तिसऱ्याच माणसानं चौथ्याच रंगाच्या पेन्सिलीनं दुरुस्त्या केल्या. आमरीन मात्र शांतपणे मागच्या फळीवरचे तुकडे निवडत होती. शेवटी तिनं तिला हवं ते पिशवीत भरलं आणि म्हणाली, "चला सर, इन लोगां शाम तक बोलते." पाइपांचं गयासभाईंनी काही घेतलं नाही. "मेरी बेटी का नाम आना, बस," म्हणाले.

चाक पोरींनी केलं, पोह्याच्या चमच्यांचं. मनोरे झाले मातीचे. आता चाचणी घ्यायची तर पाणी हवं, आणि शाळेतलं पाणी मागायची माझी छाती नव्हती. मग सगळं बिऱ्हाड माझ्या घरी आलं. आम्ही सातारा परिसरातल्या एका नव्या कॉलनीत राहतो. नवी म्हणजे इतकी नवी की घरांना रंग आला होता, गेटला नाव आलं होतं, पण नळ यायचा होता. पाणी टँकरचं. माझी बायको ज्ञानेश्वरी हिनं मोठ्या मनानं एक निळा ड्रमभर पाणी काढून दिलं आणि बजावलं, "अहो, एक थेंब सांडायचा नाही. तुमची नहर झाली की याच पाण्यात माझं धुणं आहे."

इथं कॉलनीचा एक रिवाज सांगायला हवा. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून ज्याला पाण्याचा आवाज आधी येईल त्यानं स्टीलची थाळी वाजवायची, म्हणजे बाकीच्यांना कळावं. या कामात समोरच्या केसरबाईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्यांना गुडघ्यांचा त्रास, दिसायचं कमी, पण दोन गल्ल्यांपलीकडं कुणी तांब्या विसळला तरी त्यांना ऐकू यायचं. त्यांची थाळी वाजली की माणसं जेवत्या ताटावरून उठायची.

दुपारची वेळ. जिन्याच्या वरच्या पायरीवर ड्रम, खालच्या पायरीवर टब, मध्ये आमची नहर. सुकेशनीनं तोटी उघडली. पाणी नळातून खाली गेलं, पहिल्या मनोऱ्यात चढलं, बुडबुड करत हवा सोडली, दुसऱ्यात चढलं, आणि चमच्यांच्या चाकावर असं काही खळखळत पडलं की आमरीननं आनंदानं किंकाळी फोडली. चाक फिरलं! खरोखर फिरलं! मीही ओरडलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र कुणी मोजलं नाही.

आणि समोरून थाळी वाजली.

मी गेट लावायला धावलो, तोवर रांग लागली होती. हंडे, बादल्या, कॅन, एकाच्या हातात तर कुकर. सगळ्यांत पुढं केसरबाई. "सर, टँकर तुमच्या घरात कसा काय शिरला?"

"टँकर नाही मावशी, प्रयोग आहे."

"ते काय का असंना, नंबर माझा पहिला आहे."

मागून कडुबा तात्या आले. तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणात पाणी असो नसो, तात्यांच्या बोलण्यात ते नेहमी पूर्ण क्षमतेनं भरलेलं असायचं. त्यांनी गेटमधून आत वाकून जिन्यावरचे नळ बघितले आणि चेहरा कठोर केला. "सर, तुम्ही शिक्षक. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. चोरून लाइन घेतली ना?"

"तात्या, ही नहर-ए-अंबरीची प्रतिकृती आहे."

"आम्ही खात्यात जन्म काढलाय. चोरीच्या लाइनीला लोक काय काय नावं देतात ते मला शिकवू नका."

मी समजावत राहिलो. माझी चूक एवढीच झाली, की समजावताना पोरींना प्रात्यक्षिक दाखवायला सांगितलं. पाणी पुन्हा खळखळलं आणि रांगेत जे थोडे अविश्वासू लोक होते तेही पक्के झाले. कुणीतरी फोन केला. संध्याकाळच्या आत पाणीचोरी पकडणारं पथक दारात. पथकाचे साहेब जिना चढले, उतरले, मनोऱ्यांत बोट घालून बघितलं.

"ही योजना कुणाची?"

"मलिक अंबरची."

"ते ठेकेदार आहेत का?"

मी इतिहास सांगायला लागलो तसा साहेबांनी हात वर केला. शेवटी त्यांनी मुख्य लाइन शोधायला अंगणात दोन ठिकाणी खणलं. काही सापडलं नाही, म्हणून आणखी संशय वाढला. मग माझ्याकडून लिहून घेतलं, की 'सदर नहर मी माझ्या जिन्याच्या हद्दीबाहेर वाढवणार नाही'. मी सही केली. खाली 'विज्ञान शिक्षक' असंही लिहिलं. ज्ञानेश्वरी तेवढ्या वेळात त्या पाण्यात धुणं धुऊन मोकळी झाली होती, आणि दोरीवर माझाच शर्ट वाळत होता.

प्रदर्शन दौलताबादजवळच्या एका शाळेत होतं. सूचनापत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की ज्यांच्या प्रयोगाला पाणी लागतं त्यांनी ते सोबत आणावं. आदल्या दिवशी ज्ञानेश्वरीनं ड्रम स्वतः घासला आणि कधी नव्हे ते पिण्याचं पाणी भरून दिलं. "पोरी दिवसभर उभ्या राहणार. तहान लागली तर काय तुमचं धुण्याचं पाणी पितील?" तिनं पेलाही दिला. गयासभाईंनी दुकानाचा 'छोटा हत्ती' टेम्पो दिला. मागं ड्रम, ड्रमला दोन्ही बाजूंनी मिठी मारून पोरी, आणि पुढं मी. रस्त्यात लोक ड्रमकडं ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं मला माझ्या वरातीतही कुणी बघितलं नव्हतं.

हॉलमध्ये निम्मे प्रकल्प पाण्यावरच होते. थर्मोकोलची धरणं, निळ्या रंगाच्या नद्या, कापसाचे ढग. तालुक्याचा सगळा पाऊस त्या हॉलमध्ये पडला होता, पण ओलं काहीच नव्हतं. ओलं फक्त आमचं. शेजारच्या टेबलावर शहरातल्या एका शाळेचा ज्वालामुखी होता. तो मनात येईल तेव्हा फसफसायचा.

पोरींना मांडणी करायला सांगून मी नोंदणीला गेलो आणि तिथं अडकलो. नोंदणीच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "विभाग कोणता? आरोग्य, शेती, ऊर्जा, वाहतूक, की गणित?"

"पाणी."

"पाणी नाही."

"ते माहीतच आहे हो, पण विभाग?"

"विभागपण नाही." त्यांनी शीर्षक वाचलं. "मलिक अंबर? मग हा इतिहास झाला. इतिहासाचं प्रदर्शन फेब्रुवारीत असतं, तेव्हा या."

मी म्हणालो, ऊर्जेत घाला, चाक फिरतं. ते म्हणाले, ऊर्जेचं टेबल पलीकडं. पलीकडचे म्हणाले, पाणी वाहून येतं ना, मग वाहतुकीत जा. वाहतुकीचे गृहस्थ जेवायला गेले होते. असा मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असताना माझं लक्ष हॉलकडं गेलं आणि मी जागच्या जागी थांबलो. आमच्या टेबलापुढं रांग होती! भली मोठी, हॉलच्या दाराबाहेर व्हरांड्यात गेलेली रांग! मुलं, शिक्षक, पालक. कुणी टाचा उंचावून बघतंय, कुणी पुढच्याला घाई करतंय. ज्वालामुखीपुढं एक कुत्रं तेवढं बसलं होतं.

मला भरून आलं. ज्वालामुखीचे शिक्षक वाहतुकीच्या टेबलाशी भेटले, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "सर, मुलांना दिखाऊ काही नको असतं. त्यांना मूलभूत विज्ञानाची तहान असते." त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. मला वाटलं, असूया असेल.

शेवटी वाहतुकीचा शिक्का मिळाला आणि मी ऐटीत टेबलाकडं गेलो. रांगेतला एक मुलगा घडाघडा बोलत होता, "डोंगरातलं पाणी खापरी नळानं खाली येतं. जेवढ्या उंचीवरून निघतं तेवढं वर चढायला बघतं. म्हणून मनोऱ्यात चढतं, हवा सोडतं, पुढं जातं आन् चाक फिरवतं. मोटर नाय, वीज नाय!"

"बरोबर," सुकेशनी म्हणाली. तिनं टबातून पेला भरला आणि त्याला दिला. त्यानं तो एका दमात संपवला. "दुसरा!"

यजमान शाळेचा टँकर आलाच नव्हता. सकाळपासून अख्ख्या प्रदर्शनात प्यायला थेंब नव्हता. लोकांना एकाच ठिकाणी पाणी वाहताना दिसत होतं, आणि ते म्हणजे आमची नहर.

"सुकेशनी!" मी दबक्या आवाजात ओरडलो. "हे पाणी संपलं तर परीक्षकांना काय दाखवायचं?"

"सर, तहानलेल्याला नाय कसं म्हणायचं?" ती म्हणाली. "पण फुकट नाय देत. आधी माहिती, मग पाणी. ज्याला नीट सांगता येत नाय त्याला परत रांगेत मागं धाडते."

आमरीन पुढं म्हणाली, "दोन गुरुजींना परत पाठवलं, सर. लक्षच नव्हतं त्यांचं."

थांबवायला तोंड उघडलं तर रांगेत चिमुरडी पोरं होती, ओठ सुकलेले. मी तोंड मिटलं आणि रांग सरळ करायला लागलो.

दुपारी शिवशंकरआप्पा आले. घामानं डबडबलेले. सरळ टेबलापाशी येऊन त्यांनी हात पुढं केला. "दे गं बाळा घोटभर."

सुकेशनीनं पेला मागं घेतला. "आप्पा सर, आधी माहिती."

रांग हसली. आप्पा लाल झाले. पण तहान वाईट असते. ते निमूटपणे ऐकायला लागले. ऐकता ऐकता वाकले. मनोऱ्यात चढणारं पाणी बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आन् हा मनोरा ड्रमपेक्षा उंच केला तर?"

"तर पाणी वरपर्यंत नाय जाणार. ड्रमाच्या पातळीपर्यंतच."

"आन् नळ बारीक केला तर?"

"ते प्रयोगशाळेत करून दाखवते, सर," सुकेशनी म्हणाली. "इथं जागा नाय."

आप्पांनी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, मध्ये हवा सोडायची विसरले, आमरीननं आठवण करून दिली, आणि मग त्यांना पाणी मिळालं. पिऊन झाल्यावर ते गेले नाहीत. बाजूला उभे राहून पुढच्या माणसाची माहिती ऐकत राहिले.

परीक्षक आले तेव्हा चाक थांबलं होतं. शेवटचं भांडंभर पाणी यजमान शाळेच्या स्वयंपाकीण बाईंनी रीतसर माहिती सांगून नेलं होतं. ड्रम कोरडा, टब कोरडा. परीक्षक एक निवृत्त प्राध्यापक होते, शिस्तीचे. त्यांनी तोटी फिरवून बघितली.

"चालत नाही?"

"चालतं सर," आमरीन म्हणाली. "पण पाणी लोक पिऊन गेले."

"मग चालतं याला पुरावा काय?"

सुकेशनीनं मान खाली घातली. इतका वेळ वाघिणीसारखी उभी असलेली पोर, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला ते सहन झालं नाही. मी बोलायला पुढं झालो, तेवढ्यात ज्वालामुखीचा विद्यार्थी म्हणाला, "चालत होतं सर. डोंगरातलं पाणी खापरी नळानं खाली येतं. जेवढ्या उंचीवरून निघतं..."

"तेवढं वर चढायला बघतं," पलीकडच्या थर्मोकोलच्या धरणावरून आवाज आला.

"म्हणून मनोऱ्यात चढतं!"

"हवा सोडतं!" हे दारातून. हवा सोडायची विसरू नये म्हणून आप्पाच ओरडले होते.

बघता बघता सगळा हॉल बोलायला लागला. पहिलीपासून दहावीपर्यंतची पोरं, त्यांचे शिक्षक, वाहतूक विभागाचे गृहस्थ, खिचडीचा डाव हातात धरलेल्या स्वयंपाकीण बाई, सगळे एका सुरात. 'मोटर नाय, वीज नाय' हे तर असं दणकलं की खिडक्यांची तावदानं वाजली. परीक्षक गोल फिरून बघत राहिले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या परीक्षणात एका प्रकल्पाची माहिती प्रतिस्पर्ध्यांना पाठ असल्याचा प्रसंग आला नसावा.

"पण पाणी प्यालं कुणी एवढं?" त्यांनी विचारलं.

स्वयंपाकीण बाई डाव वर करून म्हणाल्या, "तुम्हीबी प्यालात की, सायेब. मघाशी दोनदा चहा झाला न्हवं? तो कुठल्या पाण्याचा होता?"

परीक्षक इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

तरीही नियम तो नियम. 'प्रतिकृती चालू स्थितीत असणे' या रकान्यात त्यांना शून्य द्यावं लागलं. बाकी सगळे गुण पैकीच्या पैकी. पहिला नंबर ज्वालामुखीचा आला, जिल्ह्याला तो गेला. आम्हाला उत्तेजनार्थ. बक्षीस घ्यायला पोरी मंचावर गेल्या तेव्हा टाळ्या थांबेनात, पण मला त्या ऐकवत नव्हत्या. परत येताना छोट्या हत्तीत रिकामा ड्रम वळणावळणाला इकडून तिकडं लोळत होता. उतरताना सुकेशनी म्हणाली, "सर, सोमवारी आवरायला मी येऊ का?" मी हो म्हणालो, आणि घरी जाऊन ज्ञानेश्वरीशी उगाच भांडलो.

सोमवारी मुद्दाम लवकर गेलो. मैदानात बघितलं तर टाक्या नव्हत्या. म्हणजे हलवल्या. प्रयोगशाळेकडं गेलो. दार सताड उघडं. आत पाऊल टाकलं तर सगळं जिथल्या तिथं. कपाटं, तराजू, सापळा. टाकी एकही नाही. टेबलावर सुकेशनी आणि आमरीन नळाचे जाड-बारीक तुकडे जोडत बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर विद्यार्थ्याच्या स्टुलावर, गुडघे पोटाशी घेऊन, शिवशंकरआप्पा.

"आप्पा, टाक्या?"

"माझ्या केबिनमध्ये," ते मान वर न करता म्हणाले. "भक्कम कडीकोयंडा बसवला कालच."

"आणि तुम्ही कुठं बसणार?"

"बसतो की इथंच. सापळ्याची काही हरकत नाय ना?" मग त्यांनी अधीरपणे हात हलवला. "उजेडातून जरा बाजूला सरका, सर. पाणी चढायलंय."